ड्राइव्ह बदलण्याआधी मोटर मेगर करून बघा
सीएनसी मशीनचा एक्स अ‍ॅक्सिस रिसेट मारला की तासभर नीट चालतो आणि मग ड्राइव्ह (मोटरला वीज देणारं युनिट) पुन्हा ओव्हरकरंटचा, म्हणजे जास्त करंट ओढल्याचा अलार्म देतो, अशी एकाची तक्रार आहे. सारखं रिसेट मारू नका. मोटर किंवा वायरीत खरंच शॉर्ट असेल तर दर वेळी मार ड्राइव्हमधलं पॉवर मॉड्यूल खातं. मेन बंद करा, ड्राइव्हवरचा चार्ज दिवा विझू द्या, यू-व्ही-डब्ल्यू (मोटरला जाणाऱ्या तीन वायरी) सोडवा आणि मोटरच्या बाजूने अर्थशी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा. (वायरी ड्राइव्हला जोडलेल्या ठेवून मेगर फिरवलात तर ड्राइव्हही गेलाच म्हणा.) मोटर गरम असतानाच बघा, थंड झाल्यावर रीडिंग छान येतं नि आपण फसतो. आमच्या लेथवर मोटरचा कनेक्टर उघडला तर आत कूलंट (कटिंग करताना थंड ठेवायला सोडतात ते द्रव), पिना हिरव्या पडलेल्या. साफ करून, वाळवून नवी ओ-रिंग टाकली. ड्राइव्ह जुनाच आहे.