अर्धवेळ प्रशिक्षकाने हवाई कसरती शिकवाव्यात का? सल्ला हवा आहे

धागाकर्ता :
नमस्कार. मी टेक्सासमध्ये राहतो. आठवड्याचे पाच दिवस सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि गेली चार वर्षे शनिवार-रविवारी एका लहान विमानतळावर खासगी वैमानिक परवान्यासाठी विद्यार्थ्यांना शिकवतो. मधल्या काळात मी स्वतः सुपर डिकॅथलॉन या एकामागे एक आसने असलेल्या विमानावर लूप (हवेत उभे वर्तुळ), रोल (विमानाची स्वतःच्या लांबीभोवती गिरकी), हॅमरहेड (सरळ वर चढून टोकाला बाजूला वळून खाली येणे) आणि स्पिन (पंखांची उचल सुटून गिरक्या घेत खाली येणे) शिकलो. आता त्याच शाळेने, हा विषय दर शनिवारी आपण शिकवाल का, अशी विचारणा केली आहे. अमेरिकेत यासाठी वेगळे रेटिंग लागत नाही, प्रशिक्षकाचा परवाना आणि टेलव्हीलची (शेपटीखाली चाक असलेली विमाने उडवण्याची) नोंद माझ्याकडे आहे. म्हणजे नियमांनुसार मी उद्यापासून शिकवू शकतो, आणि नेमकी हीच गोष्ट मला अस्वस्थ करते. महिन्याला जेमतेम सहा-सात तास कसरतींचे उड्डाण होणार असेल, तर हे काम जबाबदारीने करता येईल का? तयारी कशी करावी आणि पहिला पाठ कोणता घ्यावा?

प्रतिसाद १ :
मी अकरा वर्षे अर्धवेळच शिकवत आहे, त्यामुळे करता येते असे खात्रीने सांगतो. मात्र लगेच विद्यार्थी घेऊ नका. आपण सगळ्या कसरती पुढच्या आसनावरून शिकला असाल. डिकॅथलॉनमध्ये विद्यार्थी पुढे आणि प्रशिक्षक मागे बसतो, आणि मागून विद्यार्थ्याच्या डोक्याआड वेगमापक नीट दिसत नाही. वेग वाऱ्याच्या आवाजावरून आणि स्टिकच्या (विमान वळवण्याच्या दांड्याच्या) जडपणावरून ओळखावा लागतो, लूपचा आकार डाव्या पंखाच्या टोकाकडे पाहून समजून घ्यावा लागतो. एखाद्या अनुभवी कसरत-प्रशिक्षकाला पुढे बसवून किमान दहा तास मागून उडवा आणि त्याला मुद्दाम चुका करायला सांगा.

सर्वांत महत्त्वाची चूक रोलमध्ये होते. विमान उलटे झाले, नाक खाली जाऊ लागले की नवखा विद्यार्थी घाबरून स्टिक पोटाकडे ओढतो, कारण सरळ विमानात नाक वर आणायची तीच सवय हाताला लागलेली असते. उलट्या विमानात त्याच ओढीने नाक थेट जमिनीकडे वळते, वेग झपाट्याने वाढतो आणि त्या सुरातून विमान सावरताना पंखांवरचा भार मर्यादेजवळ जातो. या विमानाची मर्यादा अधिक ६ आणि उणे ५ जी आहे (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला भार; अधिक असताना तो आसनाकडे दाबतो, उणे असताना आसनापासून वर ओढतो), आणि घाबरलेल्या हाताला ती ओलांडायला फार वेळ लागत नाही. विद्यार्थ्याला चूक स्वतः ओळखू द्यायची की स्टिक आपल्या हाती घ्यायची, याचा निर्णय आपल्याला एखाद्या सेकंदात करायचा असतो. स्वतः सुबक रोल करता येणे आणि हा निर्णय करता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. माझ्या मते शिकवण्याचा मोबदला दुसऱ्या कौशल्यासाठी मिळतो.

विमान बदलण्याची घाई करू नका. एक्स्ट्रा ३०० या चपळ कसरत-विमानाचे आकर्षण मला समजते, परंतु नामवंत प्रशिक्षक आणि लेखक विल्यम केर्शनर यांनी टेनेसीमध्ये सेसना एरोबॅट या साध्या, लहान विमानावर कसरती आणि स्पिन शिकवले, आणि त्यांचे ते विमान आज अमेरिकेतील स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

प्रतिसाद २ :
नियमांचे थोडक्यात सांगतो. जमिनीपासून १,५०० फुटांखाली, ३ मैलांपेक्षा कमी दृश्यमानतेत, दाट वस्तीवर किंवा हवाईमार्गाच्या मध्यरेषेपासून ४ सागरी मैलांच्या आत कसरती करता येत नाहीत. सोबत विद्यार्थी असताना ६० अंशांहून अधिक कल किंवा ३० अंशांहून अधिक चढ-उतार करायचा असेल, तर दोघांनाही पॅराशूट लागते, आणि कृत्रिम धाग्याचे पॅराशूट १८० दिवसांच्या आत पुन्हा घडी केलेले असावे लागते. परवान्यासाठी आवश्यक असलेल्या स्पिनच्या प्रशिक्षणाला सूट आहे, तरीही मी ती कधी घेत नाही. आणीबाणीत दार विमानापासून अलग करून बाहेर पडण्याचा सराव मात्र जमिनीवर प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घ्या. शाळेच्या विमा पॉलिसीत कसरतींचे प्रशिक्षण आणि आपले नाव दोन्ही आहेत का, ते लेखी मागा. आपण एच-१बी व्हिसावर असाल, तर प्रायोजक कंपनीखेरीज अन्यत्र पैसे घेऊन काम करण्याची मुभा नसते, हेही आधी तपासा.

प्रतिसाद ३ :
मी डॉक्टर आहे आणि हौशी वैमानिकही. जी सहन करण्याची क्षमता सरावाने वाढते आणि काही आठवड्यांच्या खंडाने घटते, म्हणून दीर्घ सुट्टीनंतरचा पहिला शनिवार विद्यार्थ्याविना उडवा. उणे जीनंतर लगेच अधिक जी घेतल्यास भोवळ नेहमीपेक्षा कमी भारावर येऊ शकते. कसरतींचा क्रम लावताना हे ध्यानात ठेवा. टेक्सासच्या उन्हाळ्यात पाठ सकाळी लवकर घ्या, प्रत्यक्ष कसरती वीस-पंचवीस मिनिटांत आटोपत्या घ्या, आणि विद्यार्थ्याला मळमळू लागल्याचे पहिले चिन्ह दिसताच परत फिरा. मळमळ वाढल्यानंतर तो काहीही शिकत नाही. एका दिवसात तीनपेक्षा अधिक विद्यार्थी नकोत, कारण तितके हेलकावे आपल्या शरीरालाही सोसायचे असतात.

धागाकर्ता :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी स्थायी रहिवासी आहे, त्यामुळे व्हिसाची अडचण नाही. विम्याबाबत शाळेला आजच पत्र लिहिले, आणि मागच्या आसनावरील दहा तासांसाठी माझ्याच प्रशिक्षकांना विनंती केली आहे. एकच शंका उरते : सुरुवात रोलपासून करावी की स्पिनपासून?

प्रतिसाद १ :
स्पिनपासून करावी, कारण कोणतीही कसरत बिघडली तर ती बहुधा तिथेच जाऊन पोहोचते. पॉवर पूर्ण कमी, एलेरॉन (पंखांवरील, विमान कलवणाऱ्या पट्ट्या) मधोमध, फिरण्याच्या विरुद्ध बाजूचा रडर (शेपटीवरील, पायाने चालणारे सुकाणू) पूर्ण दाबून मग स्टिक पुढे, हा क्रम विद्यार्थ्याने जमिनीवर बसून मोठ्याने म्हणावा, आणि तो न अडखळता म्हणेपर्यंत इंजिन सुरू करू नका. सेसना १५२ च्या पुस्तिकेत एका फेऱ्याच्या स्पिनमध्ये आणि त्यातून सावरताना १,००० फूट उंची कमी होईल असे धरायला सांगितले आहे; मी डिकॅथलॉनमध्येही त्याहून बरीच अधिक उंची हाताशी ठेवतो. पाय रडरवर गोठलेला विद्यार्थी आपल्याला केव्हातरी भेटेलच, म्हणून ‘विमान माझे’ हे शब्द ऐकताच हातपाय पूर्ण सोडायचे, हे प्रत्येक उड्डाणापूर्वी ठरवून घ्या.