२७ इंच घ्या, पण फुल एचडी नको

कोडिंग आणि मराठी टायपिंगसाठी २७ इंची फुल एचडी मॉनिटर स्वस्तात मिळतोय, घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. वरच्या उत्तरांत बहुतेकांनी 'मोठा तो बरा' म्हटलंय. माझं मत उलट आहे. फुल एचडीचे १९२० बाय १०८० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, २४ इंचांवर असले तर इंचाला साधारण ९२ येतात, २७ वर तेच ८२. फरक ऐकायला किरकोळ, पण देवनागरीत लगेच कळतो. बारीक फॉन्टात जोडाक्षरं, रफार, अनुस्वार बुजायला लागतात. २७च हवा असेल तर २५६० बाय १४४० घ्या, म्हणजे इंचाला १०९. बजेट नसेल तर सरळ २४.

पॅनेल, म्हणजे पडद्याचा प्रकार, आयपीएस घ्या. व्हीए या दुसऱ्या प्रकाराचा काळा रंग जास्त गडद असतो, सिनेमाला छान, पण बाजूने बघितलं की रंग फिके पडतात. खोक्यावरचे 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट'चे (उजेड-काळोखातल्या फरकाचे) लाखांतले आकडे तर वाचूच नका. पिक्सेल किती झटकन रंग बदलतो याची, '१ मिलिसेकंद'ची जाहिरात गेम खेळणाऱ्यांसाठी, तुम्हाला त्याचं काय करायचंय?

एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही. पुढेमागे ४के (३८४० बाय २१६० पिक्सेल) घ्यायचा विचार असेल तर लॅपटॉपचं एचडीएमआय, म्हणजे मॉनिटरची केबल लावायचं पोर्ट, कुठल्या आवृत्तीचं ते आधी बघा. १.४ असेल तर ४के ३० हर्ट्झवरच, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांवरच, अडकतं आणि माऊससुद्धा अडखळत फिरतो.

आणि हो, स्टँड वर-खाली होतो का ते पाहा. होत नसेल तर निदान मागे व्हेसा माउंटची (ठरावीक मापाची, स्क्रूची) भोकं हवीत, नंतर मॉनिटर हवा तसा हलवायला आर्म लावता येतो.