मदत हवी आहे: घरच्या मशीनवर शुगर ११८, १०४, १३१, २३१. यातली खरी कोणती?

रोजमेळ

नमस्कार मंडळी. इथे वर्षानुवर्षं नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. इंदूरचा आहे. घरी मराठी आणि बाजारात दिवसभर मालवी-हिंदी, तेव्हा शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या.

वय ४४. क्लॉथ मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब बघतो, म्हणजे सकाळी साडेदहा ते रात्री आठ गादीवर बैठक. आईला १४ वर्षांपासून शुगर आहे, मशीन तिचंच. दोन रविवारांपूर्वी पोहे-जिलबी झाल्यावर ती आपली शुगर बघत होती, मी गमतीत बोट पुढे केलं. १८७! आई काही बोलली नाही. माझ्यापुढची जिलबीची ताटली तेवढी उचलून आत घेऊन गेली.

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. मुनीमगिरीची सवय, म्हणून सगळं वहीत मांडलंय:

रविवार, पोहे-जिलबीनंतर तासाभराने: १८७
सोमवार, उपाशीपोटी सकाळी ६:३०: ११८. लगेच दुसऱ्या बोटावर: १०४
मंगळवार, उपाशीपोटी: १३१ (आदल्या रात्री पाहुण्यांना घेऊन सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात गेलो होतो, साडेअकराला गराडू (तळलेला कंद) आणि रबडी)
बुधवार, जेवण संपल्यावर दोन तासांनी: १४६
गुरुवार, रात्री जेवणाआधी: २३१. घाबरून हातपाय धुऊन आलो, दहा मिनिटांनी पुन्हा: १३९
शुक्रवार, उपाशीपोटी: ११२

एकाच सकाळी, एकाच माणसाच्या दोन बोटांत १४ चा फरक? आमच्या पेढीवर असा हिशेब दाखवला तर शेठ घरी पाठवेल. आणि २३१ चं दहा मिनिटांत १३९ कसं झालं? शिवाय रात्री दोनदा लघवीला उठावं लागतंय, हे नेटवर वाचल्यापासून जास्तच जाणवतंय.

बायकोला अजून सांगितलेलं नाही. मामांचा पाय शुगरपायी गुडघ्याखालून काढावा लागला होता. मी तेव्हा कॉलेजात होतो, इस्पितळात डबा मीच पोचवायचो. ते डोळ्यांसमोरून जात नाही. जाणकारांनी कृपया सांगावं, मला डायबिटीस आहे की नाही?

जीरावनप्रेमी

भिया, पोहे-जिलबीनंतर १८७ म्हणजे इंदूरची सरासरीच म्हणा की! ह. घ्या (हलकेच घ्या). गंमत सोडा, पण तासाभराने मोजलेल्या आकड्याने एवढं घाबरायचं नसतं असं आमचे डॉक्टर सांगतात. बाकी जाणकार येतीलच.

निसर्गमित्र

मशीन आधी कपाटात टाका. रोज सकाळी अनशापोटी कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड, ४० दिवस. माझ्या मेव्हण्याची शुगर नॉर्मल झाली. लॅबवाल्यांच्या नादी लागू नका.

ग्वाल्हेरची लॅबवाली

मी त्याच ‘लॅबवाल्यां’पैकी एक. १९ वर्षं लोकांची रक्तं काढतेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

दादा, आधी एक प्रश्न. गुरुवारी रात्री बोट टोचण्याआधी हातात काय होतं? फळ सोललं होतं का?

आता ११८ आणि १०४ चं. घरची मशीनं अचूक नसतात आणि तसा त्यांचा दावाही नसतो. आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा इतकीच की १०० च्या खालचे आकडे लॅबच्या आकड्यापेक्षा १५ ने आणि १०० च्या वरचे १५ टक्क्यांनी इकडेतिकडे असले तरी चालतील, तेही १०० पैकी ९५ वेळा. समजा तुमची खरी शुगर ११० होती. मग मशीनने ९४ दाखवलं काय किंवा १२६ दाखवलं काय, ते पास. तुमचे ११८ आणि १०४ दोन्ही त्यात आरामात बसतात. हिशेब चुकलेला नाही, तराजूच किराणा दुकानातला आहे, सोनाराचा नाही.

म्हणूनच या मशीनवरून डायबिटीसचं निदान करत नाहीत. ज्याला आजार आहे त्याने औषध-पथ्य लागू पडतंय का ते बघायला हे मशीन, आईंसाठी योग्य. निदानाला दंडाच्या शिरेतलं रक्त लागतं. ते आम्ही राखाडी टोपीच्या ट्यूबमध्ये घेतो, कारण साध्या ट्यूबमध्ये रक्तपेशी जिवंत राहून त्यातली साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. राखाडी टोपीच्या ट्यूबमध्ये फ्लोराइड असतं, ते हे खाणं रोखतं. साधी ट्यूब दोन-तीन तास तशीच पडून राहिली तर शुगर उगाच कमी दिसते. छोट्या कलेक्शन सेंटरवर रक्त दिलंत तर टोपीचा रंग बघायला लाजू नका.

निदानाचे आकडे असे. आठ तास उपाशी राहून शिरेतल्या रक्तात १०० च्या खाली नॉर्मल, १०० ते १२५ प्रीडायबिटीस, १२६ किंवा जास्त म्हणजे डायबिटीस. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायल्यावर दोन तासांनी १४० च्या आत नॉर्मल, १९९ पर्यंत मधला टप्पा, २०० पासून डायबिटीस. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.४ पर्यंत मधला, ६.५ पासून पुढे डायबिटीस. आणि ठळक लक्षणं नसतील तर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा खात्री करतात.

तुमचा १८७ यातल्या कोणत्याच खान्यात बसत नाही. तासाभराने, पोहे-जिलबीवर, बोटातून घेतलेला आकडा आहे तो. उपाशीपोटी बोटातलं आणि शिरेतलं रक्त जवळपास सारखं बोलतं, पण खाल्ल्यावर बोटातला आकडा जास्त येतो. मंगळवारचा १३१ सुद्धा बाद: साडेअकराला रबडी आणि सकाळी साडेसहाला टोचणी, म्हणजे सातच तास. बुधवारचे दोन तास तुम्ही जेवण संपल्यापासून मोजलेत, ते पहिल्या घासापासून मोजायचे असतात.

आणि एक गोष्ट रागावून विचारते. आईची टोचणी वापरताय ना? सुई बदलली होती का?

रोजमेळ

ताई, तुम्ही अंतर्ज्ञानी आहात! गुरुवारी मुलीला सीताफळाच्या बिया काढून देत होतो. पण शपथेवर सांगतो, मी एक गरही तोंडात टाकला नव्हता. आणि टोचण्याआधी बोट स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं होतं.

सुईचं... पहिल्या रविवारी बदलली नव्हती. नंतर बदलत गेलो, पण टोचायचं पेन आईचंच.

ग्वाल्हेरची लॅबवाली

सापडला चोर. तुमचं पोट नव्हे, तुमचं बोट सीताफळ खाऊन बसलं होतं! फळांमध्ये मोकळं ग्लुकोज असतं आणि पट्टीवर जायला रक्ताचा थेंब लागतो केवढासा. त्यात बोटावरचा चिकट रस मिसळला की आकडा शंभराने सुद्धा उडी मारतो. स्पिरिटने एकदा पुसून तो जात नाही, जपानमध्ये संत्री-द्राक्षं सोलायला लावून हे तपासून झालंय. साबण-पाण्याने हात धुवायचे, कोरडे करायचे, मगच टोचायचं. दहा मिनिटांनी १३९ आलं ते तुम्ही हात धुऊन आलात म्हणून. २३१ वहीतून खोडून टाका.

बोट पिळून पिळून थेंब काढू नका, त्यात पाणी मिसळतं. हात खाली सोडून जरा झटका, बोटाच्या कडेला टोचा, टोकावर नको.

सुई आणि पेन मात्र कुणाशीही वाटून घ्यायचं नाही, आईशीसुद्धा नाही. हिपॅटायटिस बी अशा टोचण्यांमधून पसरल्याच्या नोंदी आहेत. स्वतःचं वेगळं पेन घ्या, नाहीतर सरळ थांबा. तुम्हाला तसंही त्याची गरज नाही.

सयाजीबागेतला

बडोद्याहून लिहितोय. वय ६८, शुगर २२ वर्षं. रोज सकाळी बागेत तीन फेऱ्या मारतो, पाय दोन्ही शाबूत आहेत.

बाळा, लॅबवाल्या ताईंनी आकड्यांचं सांगितलं. मी दुसरं विचारतो. आठवड्यात आठ वेळा बोट टोचलंस, लॅब घरापासून किती लांब आहे? मीही असंच केलं होतं. तेव्हा घरी मशीन नव्हतं, लघवीची पट्टी असायची, रंग बदलला की नाही ते ट्यूबलाइटखाली निरखत बसायचो. लॅबला जायचं मात्र आठ महिने टाळलं. घरचा आकडा आवडला नाही तर पुन्हा टोचता येतं. लॅबचा कागद तसा बदलता येत नाही, त्याची भीती वाटते.

मामांचा पाय शुगर कळल्यामुळे गेला नाही. बहुतेक वेळा पायाची जखम कळत नाही, कारण संवेदना गेलेली असते, आणि तोवर वर्षं निघून गेलेली असतात.

संत्रानगरी

काकांना +१.

@निसर्गमित्र, मेव्हण्यांचं चांगलं झालं, आनंद आहे. पण तपासणीच्या आधी रस-पूड आणि उपास सुरू केले तर रिपोर्टला अर्थ राहत नाही. ग्लुकोज पिऊन करायच्या टेस्टच्या आधी तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं असतं, पोळी-भात सगळं. नाहीतर उपाशी राहिलेल्या शरीराला अचानक ग्लुकोज दिलं की आकडा उगाच जास्त येतो. आणि त्या दोन तासांत फेऱ्या मारायच्या नाहीत, चहा-सिगरेट नाही. मी तिथे बसून अख्खा दिवाळी अंक संपवला होता.

रोजमेळभाऊ, तोवर एक गणित करून बघा, तुम्हाला आवडेल. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या चमूने २००५ मध्ये भारतीयांसाठी धोक्याचं मोजमाप काढलं, रक्त न काढता. वय ३५ ते ४९ ला २० गुण, ५० पासून पुढे ३०. पुरुषाची कंबर ९० ते ९९ सेंमी असेल तर १०, १०० पासून २०. व्यायाम काहीच नाही आणि बैठं काम असेल तर ३०. आईवडिलांपैकी एकाला शुगर तर १०, दोघांना तर २०. बेरीज ६० किंवा जास्त आली तर लॅब गाठायची.

अवांतर: बायकांनी एचबीए१सी करताना हिमोग्लोबिनही बघावं. लोहाची कमतरता असेल तर तो आकडा विनाकारण चढलेला दिसू शकतो. माझं तसंच झालं होतं.

रोजमेळ

कंबर ९६ भरली (शिंप्याच्या टेपने, आमच्याकडे टेपला तोटा नाही). २० + १० + ३० + १० = ७०. बेरीज तीनदा तपासली.

काका, लॅब घरापासून चार मिनिटं. पायी.

ग्वाल्हेरची लॅबवाली

मग उद्या नको, तीन दिवस नेहमीसारखं जेवून शनिवारी जा. मात्र वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: आकडा ३०० च्या आसपास, सोबत उलट्या, धाप, गुंगी किंवा झपाट्याने वजन उतरणं असेल तर धागा काढत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना.

रोजमेळ

शनिवारी जाऊन आलो, आज सोमवारी डॉक्टरांना दाखवलं. बायकोला घेऊन गेलो होतो. तिला शुक्रवारी रात्री सांगितलं तर म्हणाली, “मला रविवारीच कळलं होतं, सासूबाईंनी सांगितलं.”

उपाशीपोटी १०९. ग्लुकोजनंतर दोन तासांनी १६२. एचबीए१सी ६.१. टोपी राखाडी होती, बघितली.

म्हणजे तिन्ही आकडे मधल्या खान्यात. डॉक्टर म्हणाले, आत्ता गोळी नाही. वजन ८१ आहे ते ७६ वर आणायचं, आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालायचं, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. पोह्यांना बंदी नाही, पण वाटी छोटी, शेव कमी आणि सोबत मोडाची उसळ. जिलबीवर ते काही बोलले नाहीत, नुसते बायकोकडे बघून हसले.

रात्रीच्या लघवीचं त्यांनी विचारलं की दिवसभर पाणी किती पितोस. पेढीवर गिऱ्हाईक सोडून उठता येत नाही, म्हणून जवळजवळ शून्य. घरी आल्यावर एकदम दीड लिटर. ते म्हणाले, शुगर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही, तुझ्या या आकड्यांनी तुला झोपेतून उठवलेलं नाही, त्या तांब्याने उठवलंय.

आता खरी गोष्ट. ताईंचं वाचून पट्ट्यांची शीशी बघितली. आईने ती गॅसशेजारच्या फळीवर ठेवलेली, झाकण अर्धवट, वरची मुदत जुलैतच संपलेली. तिला वाटायचं, पट्ट्या आहेत तोवर चालतात. नवी शीशी आणली, हात धुऊन आईचं उपाशीपोटी बघितलं: १६८. जुन्या पट्ट्यांवर गेले दोन महिने रोज १२० च्या आसपास येत होतं आणि आम्ही सगळे खूश होतो.

तिला गुरुवारी घेऊन जातोय. तोवर काही करायचं का?

ग्वाल्हेरची लॅबवाली

तिच्या गोळ्या स्वतःहून वाढवू नका. गुरुवारपर्यंत रोज उपाशीपोटी एक आणि जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तासांनी एक, असे आकडे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. जुनी शीशीही सोबत न्या. नवी शीशी कपाटात ठेवा, गॅसपासून लांब, आणि उघडल्याची तारीख तिच्यावर पेनने लिहा. बऱ्याच कंपन्यांच्या पट्ट्या उघडल्यावर तीन महिनेच चालतात, लेबल वाचा.

सयाजीबागेतला

आईच्या पावलांचे तळवेही बघ रे. आरशात नव्हे, खाली बसून.

रोजमेळ

बघितले काका. डाव्या टाचेला भेग आहे, तिला दुखत नाही म्हणते. गुरुवारी तेही दाखवतो.

ताई, तारीख लिहिली. लाल पेनने.