मदत हवी आहे: पीपीजी ४००० च्या लॉसमधला खालचा उंचवटा खरा आहे का?

ग्लायकॉल_वाला
पॉलिप्रॉपिलीन ग्लायकॉल (पीपीजी, रेणुभार ४०००) आणि साधं प्रॉपिलीन ग्लायकॉल यांची डायइलेक्ट्रिक तुलना चालू आहे, म्हणजे बदलत्या विद्युतक्षेत्राला ते कसा प्रतिसाद देतात ते पाहतोय; लॉस म्हणजे त्यात वाया जाणारी ऊर्जा. सोन्याचा मुलामा दिलेल्या २० मिमी पितळी चकत्या, मध्ये अंतर राखायला १०० मायक्रॉनचे सिलिका तंतू. −५० °से. ला पीपीजीचं मोठं शिखर किलोहर्ट्झच्या आसपास दिसतं. त्याच्या दोन-तीन डेकेड (एक डेकेड म्हणजे फ्रिक्वेन्सीत दहापट) खाली उंचवटा येतो आणि मग लॉस सरळ चढतच जातो. साध्या ग्लायकॉलला उंचवटा नाही. शिवाय ऱ्हिओमीटरवर (नमुना पिळून त्याचा ताठरपणा मोजणारं यंत्र) लॉस मॉड्युलसचं, म्हणजे ताठरपणातल्या ऊर्जा गमावणाऱ्या भागाचं, शिखर जास्त फ्रिक्वेन्सीला येतंय. नमुन्यात पाणी राहिलं असेल का?

साखळी
पाण्याचा संशय आधी नको. पीपीजीच्या प्रत्येक घटकाच्या डायपोलचा (धन-ऋण प्रभारांच्या जोडीचा) थोडा भाग साखळीच्या दिशेने असतो. हे भाग साखळीभर एकमेकांत मिळत जातात, म्हणून अख्ख्या साखळीचं वळणं लॉसमध्ये उमटतं. हाच नॉर्मल मोड. स्टॉकमायर यांच्या वर्गीकरणात असे पॉलिमर 'टाइप ए'. साध्या ग्लायकॉलला साखळीच नाही, मग उंचवटा कुठून येणार? एक लक्षात असू द्या: दोन्ही टोकांना ओएच असलेलं पीपीजी मधल्या इनिशिएटरपासून (साखळी जिथून वाढायला लागते तो रेणू) दोन्हीकडे वाढवलेलं असेल, तर डायपोलची दिशा मध्यावर उलटते आणि दिसते ती अर्ध्या साखळीची हालचाल.

खात्रीसाठी तंतू ५० मायक्रॉनचे घ्या. खरं शिखर जागेवर राहील, इलेक्ट्रोड पोलरायझेशन (चकत्यांपाशी आयन साचल्याचा परिणाम) सरकेल. त्याहून पक्की कसोटी रेणुभाराची: १०००, २००० आणि ४००० एकाच तापमानाला मोजा. मोठं शिखर जवळपास हलणार नाही, उंचवटा मात्र दर वेळी खाली जाईल.

सरळ चढ आयनांचा आहे. बऱ्याचदा पोटॅशियम हायड्रॉक्साइड कॅटलिस्टचे अवशेष त्याला कारण असतात. लॉग-लॉग आलेखात उतार −१ असून परमिटिव्हिटी (प्रतिसादातला ऊर्जा साठवणारा भाग) सपाट असेल, तर ते निव्वळ डीसी वहन. लॉसऐवजी परमिटिव्हिटीचा डेरिव्हेटिव्ह काढा (ln ω च्या सापेक्ष, गुणिले −π/२), वहन निघून जाईल.

ग्लायकॉल_वाला
डेरिव्हेटिव्ह काढला. उंचवटा सुटा झाला, पण शेवटचे पाच-सहा बिंदू एकदम वर उसळलेत.

साखळी
ते इलेक्ट्रोड पोलरायझेशन. डेरिव्हेटिव्हने ते जात नाही, उलट जास्त तीव्र होतं. ते बिंदू फिटमधून वगळा. रिकाम्या सेलची धारिता २७.८ पिकोफॅरड धरली आहे ना? १०० मायक्रॉनला तीच येते.

चकती_४मिमी
ऱ्हिओमीटरचं बोलतो. मॉड्युलस आणि परमिटिव्हिटी या एका जातीच्या राशी नाहीत. परमिटिव्हिटीची जोडी कम्प्लायन्सशी (मॉड्युलसची व्यस्त राशी) लावायची. मॉड्युलसचं शिखर जास्त फ्रिक्वेन्सीला येणारच, त्यात बिघाड काही नाही. कम्प्लायन्स काढल्यावर लॉसमधला व्हिस्कॉसिटीचा भाग वजा करायला विसरू नका.

टीजीजवळ (द्रव काचेसारखा गोठतो त्या तापमानाजवळ) ८ मिमी चकतीवर नमुना यंत्राइतकाच ताठ होतो आणि मॉड्युलस कमी दिसतो. ४ मिमी घ्या, ताठरपणा सोळापट उतरतो. थंड करताना नॉर्मल फोर्स शून्यावर ठेवून गॅप कमी करत जा, नाहीतर आकसलेला नमुना कडेने सुटतो. दोन्ही यंत्रांचे तापमापक एकमेकांशी ताडून घ्या. पीपीजीत टीजीजवळ तीन अंशांचा फरक शिखर जवळजवळ एक डेकेड हलवतो.

वाळवताना पीपीजी ६० °से. ला व्हॅक्यूममध्ये २४ तास चालेल. साधं ग्लायकॉल तसं ठेवलंत तर उडून जाईल, ते ३ अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणारे सच्छिद्र मणी) ठेवा आणि वापरण्याआधी गाळून घ्या.