सोशल स्टोरी : समजावण्यासाठी की वळण लावण्यासाठी?

ओंजळ : माझा मुलगा ७ वर्षांचा, ऑटिस्टिक. केस कापायचे म्हटलं की थरथर कापायचा. त्याच्या शिक्षिकेने त्याच्याच फोटोंची सहा पानी सोशल स्टोरी, म्हणजे प्रसंग आधीच समजावून सांगणारी छोटी गोष्ट, करून दिली. 'मशीन घुंऽऽ वाजतं. कानाजवळ आवाज मोठा वाटतो. नको झालं की मी हात वर करतो, मशीन थांबतं.' रोज वाचली. तिसऱ्या खेपेला तो खुर्चीत बसला. दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा मशीन थांबलं. अशा गोष्टी प्रत्येक ऑटिस्टिक मुलाला मिळायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे.

सांजवारा : मी स्वतः ऑटिस्टिक, वय २६. माझ्या गोष्टीत होतं, 'मी बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतो. मग सगळ्यांना आनंद होतो.' डोळ्यांत बघितलं की मला शब्द कळेनासे होतात, हे त्यात कुठेच नव्हतं. वर प्रत्येक वाक्य 'मी'ने सुरू. म्हणजे हुकूम त्यांचा, तोंड माझं. अशा गोष्टींना माझा विरोध आहे.

पाटीपेन्सिल : विशेष शिक्षिका म्हणून सांगते, सांजवारा, तुमची ती सोशल स्टोरी नव्हतीच. अमेरिकन शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९०च्या सुमारास ही पद्धत आणली. त्यांच्या निकषांत सूचनांच्या किमान दुप्पट वर्णनाची वाक्यं लागतात, आणि निम्म्या गोष्टी मुलाला आधीच जमणाऱ्या गोष्टींच्या कौतुकाच्या असाव्यात.

सांजवारा : निकष कागदावर. वर्गात घाईघाईने लिहिल्या जातात त्या सूचनाच.

उंबरठा : सूचनांना इतकं वाईट ठरवू नका. माझी पुतणी रस्त्यावर धावत सुटते. तिथे 'मी थांबते' हेच वाक्य हवं. बाकी अपेक्षा बेताच्या ठेवा. ब्रिटनमधल्या २४९ मुलांच्या चाचणीत एकूण सामाजिक वागण्यात ठळक फरक दिसला नाही. प्रत्येकासाठी ठरवलेलं छोटं उद्दिष्ट मात्र गोष्ट मिळालेल्या मुलांनी जास्त वेळा गाठलं.

सांजवारा : रस्त्याचं मान्य. पण नजर, हात, आवाज यांत कुणाचा जीव जातो? डॅमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकाने २०१२ मध्येच मांडलं, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. मग माझ्या वर्गमित्रांसाठी गोष्ट कुणी लिहिली?

ओंजळ : तुमचं वाचून आमची फाइल काढली. एका पानावर मीच लिहिलंय, 'पाहुणे आले की मी हात फडफडवत नाही.' आनंद झाला की तो हात फडफडवतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. ते पान काढलं. आता पाहुण्यांसाठी एक लिहिते.