रेडिओ-नियंत्रित बोटींचा छंद: पहिली बोट कोणती घ्यावी?

प्रश्न : नवखा_नावाडी
नमस्कार. मला आणि माझ्या ९ वर्षांच्या मुलाला रेडिओ-नियंत्रित बोटींचा छंद सुरू करायचा आहे. मुलाला ब्रशलेस, म्हणजे आत घासणारे ब्रश नसलेल्या, मोटरची वेगवान बोट हवी आहे, तर मला टगबोटीचे, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या बोटीचे, मॉडेल स्वतः जोडावेसे वाटते. आमच्यापैकी कोणाचे ऐकावे? तसेच बोट तळ्याच्या मध्यभागी बंद पडली तर ती परत कशी आणतात?

उत्तर : जुना_सुकाणू
या वेळी मुलाऐवजी आपले ऐकावे. वेगवान बोट नवशिक्याच्या हाती काठावर आपटते किंवा वळणावर उलटते, आणि दुरुस्तीत जितका वेळ जातो तितका ती पाण्यात राहत नाही. टगबोट रुंद, जड आणि संथ असते. एक चॅनल, म्हणजे आज्ञा पाठवण्याचा स्वतंत्र मार्ग, मोटरसाठी आणि एक सुकाणूच्या सर्व्होसाठी, म्हणजे ते वळवणाऱ्या छोट्या यंत्रासाठी, असा दोन चॅनलचा २.४ गिगाहर्ट्झचा साधा संच तिला पुरतो. मात्र या रेडिओ लहरी पाण्यातून जवळजवळ जात नाहीत, म्हणून बोटीतल्या रिसीव्हरची अँटेना जलरेषेच्या वर, शक्य तितकी उंच बसवावी.

बोट जोडताना सर्वांत जास्त वेळ पंख्याच्या, म्हणजे बोट पुढे ढकलणाऱ्या प्रोपेलरच्या, दांड्याला द्यावा. हा दांडा ज्या नळीतून बाहेर येतो ती पाण्याखाली असते आणि तिच्यात ग्रीस नीट भरलेले नसेल, तर पाणी थेंबाथेंबाने आत शिरते. माझी पहिली बोट अशीच बुडाली. वर सगळे कोरडे दिसत होते आणि बोट मागच्या बाजूने हळूहळू बसत गेली. मोटर आणि दांडा एका सरळ रेषेत आहेत की नाहीत, हे बोटाने पंखा फिरवून पाहावे. तो कुठे अडला किंवा फिरताना जोडणी डुगडुगली, तर मोटरखाली पातळ पट्टी सारून ती रेषा सुधारावी.

त्यानंतर बोट घरच्या टबमध्ये सोडावी आणि आखलेल्या जलरेषेपर्यंत बसेल इतके वजन तळाशी घालावे. आमच्याकडे जुन्या शब्दात याला नीरम म्हणतात. वजने आधी नुसती ठेवून पुढे-मागे सरकवावीत आणि बोट समतोल झाली की मगच चिकटवावीत. नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, पोकळीत फोमचे तुकडे भरले, तर पाणी शिरले तरी बोट तरंगत राहते.

बंद पडलेल्या बोटीसाठी मासेमारीच्या गळाची दोरी आणि तिच्या टोकाला बांधलेला टेनिसचा चेंडू जवळ ठेवावा. चेंडू बोटीच्या पलीकडे फेकून दोरी अलगद ओढली की बोट तिच्यासोबत काठाकडे येते. बोटीसाठी पोहत जाऊ नये, कारण तळ्यातला गाळ आणि वेली वरून दिसत नाहीत.

उत्तर : शीडवाला
वरील सल्ला योग्यच आहे, तरी शिडाच्या बोटीचाही विचार करावा. तीही दोनच चॅनलवर चालते: एकाने सुकाणू, दुसऱ्याने शिडांच्या दोऱ्या. बॅटरीला मोटर ओढावी लागत नसल्यामुळे ती बराच वेळ टिकते. ६५० मिलिमीटर लांबीच्या आरजी-६५ वर्गाची बोट नवशिक्याला सोयीची आहे. वारा पडला की मात्र चेंडू आणि दोरी आम्हालाही लागते.

उत्तर : जुना_सुकाणू
बॅटरीबद्दल लिहायचे राहिले. टगबोटीत ६ व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी चालते आणि तिचे वजन नीरम म्हणूनही कामी येते. पुढे वेगवान बोटीसाठी लिथियम-पॉलिमर घेतली, तर ती बोटीबाहेर काढून आणि समोर बसूनच चार्ज करावी. तिचा प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो व तो ३.३ च्या खाली उतरू देऊ नये. ट्रान्समीटर, म्हणजे हातातला नियंत्रक, आधी सुरू करावा आणि शेवटी बंद करावा. सिग्नल तुटल्यावर मोटर थांबते याची खात्री बोट स्टँडवर असतानाच ट्रान्समीटर बंद करून घ्यावी.

प्रश्न : नवखा_नावाडी
मनःपूर्वक आभार. टगबोट ठरली. मात्र १:३६ प्रमाणाचे, म्हणजे खऱ्या बोटीच्या छत्तीसाव्या भागाइतक्या लांबीचे, मॉडेल किती वेगाने चालवले म्हणजे खरे वाटते? मुलाला तेवढीच आशा उरली आहे.

उत्तर : जुना_सुकाणू
वेगाला ३६ ने भागू नये, ३६ च्या वर्गमुळाने, म्हणजे ६ ने भागावे. बोटीने उठवलेल्या लाटा तिच्या लांबीच्या वर्गमुळाशी निगडित असतात, हे विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात मॉडेल ओढूनच दाखवले होते. १२ नॉटची टगबोट या हिशेबाने २ नॉटने, म्हणजे सेकंदाला साधारण १ मीटर, चालेल आणि नाळेसमोरची लाट खऱ्यासारखी दिसेल. वजन मात्र प्रमाणाच्या घनाने घटते. ३० मीटर लांबीची, ४५० टनांची बोट १:३६ ला ८३ सेंटिमीटरची आणि साडेनऊ किलोंहून थोडी जड होते. १:५० घेतले तर ती ६० सेंटिमीटर आणि ३.६ किलो भरते. वाऱ्यात जरा जास्त डुलेल, पण तळ्यापर्यंत मुलगा ती स्वतः उचलून नेऊ शकेल.