मदत हवी आहे: तेलकट खारं पाणी गाळताना मेम्ब्रेन (गाळणीचा पडदा) चोंदतोय, कॉस्टिक सोड्यानेही सुटत नाही

नमस्कार मंडळी. फोंड्याला एम.टेक. करतोय. विषय प्रोड्यूस्ड वॉटर, म्हणजे विहिरीतून कच्च्या तेलासोबत वर येतं ते पाणी. गोव्यात तेलविहीर कुठली, बेतूलला ओएनजीसीची प्रशिक्षण संस्था तेवढी आहे. म्हणून पाणी लॅबमध्येच बनवतो: मिरामारचं समुद्राचं पाणी, लिटरला 500 मिलिग्रॅम डिझेल, थेंबभर भांड्यांचं लिक्विड आणि मिक्सर. (मिक्सर आईचा. आता घरी नेण्याची सोय नाही.)

मोठे थेंब टाकीत तरंगून वर येतात, 10 मायक्रॉनखालचे तसेच घोळत राहतात, म्हणून अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या मेम्ब्रेनमधून दाबाने गाळणं. मेम्ब्रेन पीईएस (पॉलिइथरसल्फोन) प्लास्टिकच्या पोकळ तंतूंचा, दाब 1 बार. गाळलेलं पाणी काचेसारखं. पण फ्लक्स (पाणी गाळून येण्याचा वेग) सुरुवातीला तासाला चौरस मीटरमागे 110 लिटर, दोन तासांत 35. मेमध्ये हाच 70च्या खाली जात नव्हता. दाब 2 बार केला की दहा मिनिटं बरं, मग आधीपेक्षा वाईट.

धुताना खारं पाणी काढून लगेच 1 टक्का कॉस्टिक अर्धा तास फिरवतो. फ्लक्स 60 पर्यंतच परततो. बादलीत पांढरट गढूळ येतं, तो तेलाचा साबण असावा. सर म्हणतात, सिरॅमिकचा मेम्ब्रेन घ्या. किंमत ऐकून गप्प बसलो. घ्यावाच लागेल, की माझंच काही चुकतंय?

खारवी: डिझेलचा साबण होत नाही हो! समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 1.3 ग्रॅम मॅग्नेशियम असतं. त्यात कॉस्टिक पडलं की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा साका धरतो. तुम्ही मेम्ब्रेन धूत नाही, त्यावर गिलावा करताय. आधी गोड्या पाण्याने खळखळून धुवा, मगच कॉस्टिक. बसलेला थर सायट्रिक आम्लाने निघेल. आणि दाब वाढवू नका, थेंब चेपून छिद्रांत शिरतात. मेम्ब्रेनला समांतर वाहणाऱ्या पाण्याचा वेग वाढवा.

मांडवीकाठ: पाणी कधी आणलंत? पावसात मिरामारला मांडवीची तांबडी माती उतरते. त्यातलं लोह कॉस्टिकला दाद देत नाही. तेल न घालता तेच पाणी चालवून बघा.

धागाकर्ता: जुलैतच आणलं होतं. 😐 तेलाशिवाय चालवलं, तरी 110 वरून 58! गोड्या पाण्याने धुऊन 1 टक्का सायट्रिक फिरवलं, तर पिवळसर पाणी निघालं आणि फ्लक्स 92 वर. देव बरें करूं, दोघांनाही. सिरॅमिकचं सध्या राहू दे. यापुढे मीठ-मॅग्नेशियम मोजून पाणी बनवीन. उरलेले 18 कुठे अडकलेत, कुणाला सुचलं तर सांगा. गरम कॉस्टिक करून बघू का? पीईएसला 50 अंश चालतील ना?